कर्जफेड आणि प्रेम : ‘ले मिझेराब्ल’ छोट्या पडद्यावर

व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ १८६२ची. तिच्यावर किती चित्रपट निघाले याची गणती नको. आज बोलायचंय ते बीबीसीच्या सहा भागांच्या मालिकेबद्दल. २०१८च्या डिसेंबरअखेरीस ती सुरू झाली. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची, ज्याँ वालज्याँ झालाय डॉमिनिक वेस्ट. गाणी नाहीत, हे एक बरं झालं.

डेव्हिसनी एक बदल केलाय. कादंबरीत फाँतीनला कारखान्यातून काढते ती तिथली देखरेख करणारी बाई. मालक असलेल्या वालज्याँला त्याचा पत्ताही नसतो. मालिकेत तो स्वतःच तिला काढतो, मूल असल्याचं लपवलं म्हणून. नाट्य वाढतं, मान्य. पुढे तो तिच्या मुलीला, कोझेतला, आणायला जातो तेव्हा प्रेक्षकाला हिशेब चटकन कळतो : आधी पाप, मग प्रायश्चित्त.

माझी अडचण तिथेच आहे. ह्यूगोचा वालज्याँही कर्तव्य म्हणूनच निघतो. इथवर नीतिशास्त्र पुरतं. पण १८२३च्या नाताळच्या आदल्या रात्री, माँफर्मेच्या जंगलात, आठ वर्षांची पोर भरलेली बादली ओढत असते आणि अंधारातून एक हात येऊन ती उचलतो. पोर घाबरत नाही. बघा, कर्ज फेडून माणूस मोकळा होतो. हा इथून पुढे बांधला जातो. बिशपने त्याला क्षमा केली होती, खरंय. पण त्यानंतरही त्याने एका पोराचं नाणं लाटलंच की! क्षमा मिळाली म्हणजे माणूस बदलला, असं ह्यूगो मानत नाही.

बरं, हे प्रेमही काही निर्मळ नाही. कोझेत आपलीच राहावी हा लोभ त्यात आहे. मारियुसचा तो चक्क द्वेष करतो. (वेस्ट ओरडतो फार, पण हा धुमसता, हावरा बाप त्याला साधलाय.) आणि त्याच मारियुसला पाठीवर घेऊन तो पॅरिसच्या गटारांतून चालतो. उद्धार म्हणायचा तर मी याला म्हणेन. प्रायश्चित्ताच्या हिशेबात हे बसतच नाही. कोझेत सुखरूप वाढली तेव्हाच तो हिशेब पुरा झाला होता.

कोझेतच्या लग्नाच्या रात्री वालज्याँ घरी येऊन एक पेटी उघडतो. माँफर्मेहून आणताना तिला घातलेले काळे कपडे, मोजे, बूट एकेक करून पलंगावर मांडतो आणि त्यांत तोंड खुपसून रडतो. मालिकेचा शेवटचा भाग पाहण्याआधी तेवढं प्रकरण वाचून घ्या.