वाऱ्याची अदलाबदल

महाकाव्यास इतिहासाच्या तराजूत तोलू नये, हा दंडक आम्हांस मान्य आहे. तरीही लुईश द कामोंइशचे ‘लुसियाद’ (१५७२) आणि वास्को द गामाच्या पहिल्या सफरीतील एका अनामिक सहप्रवाशाची रोजनिशी शेजारी ठेवून वाचली, तर एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

रोजनिशी सांगते, की २४ एप्रिल १४९८ रोजी मालिंदीहून निघालेल्या जहाजांनी, तिथल्या राजाने दिलेल्या वाटाड्याच्या भरवशावर, पाठीशी वारा घेऊन तेवीस दिवसांत समुद्र ओलांडला. परतताना मात्र कारवारनजीकच्या अंजदीव बेटावरून ५ ऑक्टोबरलाच शिडे उभारली गेली. नैर्ऋत्येचा वारा सरलेला, ईशान्येचा अजून स्थिरावलेला नाही. तोच समुद्र ओलांडण्यास तीन दिवस कमी तीन महिने लागले. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, तीस माणसे दगावली (तितकीच त्याआधीही गेली होती) आणि प्रत्येक जहाजावर कामाजोगे सात-आठच उरले. २ जानेवारी १४९९ रोजी आफ्रिकेचा किनारा दिसला. पुढे हात अपुरे पडले म्हणून ‘सांव राफाएल’ हे जहाज आपल्याच हातांनी जाळावे लागले.

आता काव्य पाहावे. सुखरूप पार पडलेल्या जातवाटेवर, सहाव्या सर्गात, बाकस देवाच्या चिथावणीने भीषण वादळ उठते आणि व्हीनस ते शमविते. मरणाच्या परतवाटेवर, नवव्या सर्गात, तीच देवी खलाशांपुढे अप्सरांचे विलासबेट आणून ठेवते. वारा अनुकूल होता तिथे वादळ, वारा पडला तिथे उपवन!

कवीस समुद्र अपरिचित होता असेही नाही. १५५३ मध्ये तो स्वतः गोव्यास जहाजानेच आला. पाचव्या सर्गातील जलस्तंभ आणि कुजणाऱ्या हिरड्या यांचे वर्णन आमच्या मते साऱ्या काव्यात सर्वांत सच्चे. त्या ओळींकडे देवदेवता फिरकतही नाहीत. मग परतवाटेवरच लेखणी का बिचकली? वादळाशी झुंजणे नायकास शोभते. मोसम न ओळखल्याने माणसे गमावणे शोभत नाही. वादळासाठी बाकसला जबाबदार धरता येते. चुकलेल्या मोसमाचा दोष कोणत्या देवावर ढकलणार?

बेटावर लिओनार्दो नावाच्या शिपायाच्या प्रणयास कवी कडव्यांमागून कडवी देतो. त्या तिसांच्या वाट्यास एकही ओळ येत नाही. दहाव्या सर्गाअखेर जहाजे घराकडे निघतात, तेव्हा तो समुद्र शांत आणि वारा अखेरपर्यंत सौम्य राहिल्याचे सांगतो.