स्तोत्रे कोणाची? : मिशनरी विद्यालय आणि बेने इस्राएल लेखक

मिशनरी विद्यालयांनी एतद्देशीय विद्यार्थ्यांच्या मनावर केलेल्या परिणामांची चर्चा होते तेव्हा बहुधा हिंदू आणि पारशी विद्यार्थीच डोळ्यांसमोर असतात. १८३९ साली जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यावरून मोठे वादळ उठले, हा प्रसंग सुपरिचित आहे. त्याच विद्यालयाच्या परंपरेत शिकलेल्या बेने इस्राएल विद्यार्थ्याकडे मात्र समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः त्याची अडचण अधिक सूक्ष्म होती. हिंदू वा पारशी विद्यार्थ्यापुढे ठेवले जाणारे बायबल हा परक्याचा ग्रंथ होता. तो समूळ नाकारण्याची मोकळीक त्याला होती. बेने इस्राएल विद्यार्थ्यापुढे येणाऱ्या ग्रंथाचा मोठा भाग त्याचा स्वतःचा होता. परका होता तो देणारा हात.

आजच्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नवगावपाशी आपले पूर्वज जहाज फुटून उतरले, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. अष्टागरात तेलघाण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक शेजाऱ्यांत ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. किहीमवरून केहिमकर, नवगाववरून नवगावकर अशी त्यांची आडनावे झाली. शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी जतन केली होती. भाषा अर्थातच मराठी होती.

या समाजासाठी विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १८६६ साली बेने इस्राएलांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी त्यांनी एक आवाहनही छापले. दोन्ही कृती एकत्र वाचल्या म्हणजे व्याकरणामागील हेतू स्पष्ट होतो. मूळ शास्त्र वाचता आले की वाचक आपोआप ख्रिस्ताकडे वळेल, अशी ती अपेक्षा होती. या मांडणीत ज्यूंचे शास्त्र ‘जुना करार’ ठरते, आणि ‘जुना’ या विशेषणातच त्याचे स्थान निश्चित होते. विद्यार्थ्याला स्वतःचा ग्रंथ मिळे, परंतु दुसऱ्याच्या ग्रंथाची प्रस्तावना म्हणून.

या दानाचे विद्यार्थ्याने काय केले, हाच वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा प्रश्न होय. त्याचे पहिले ठळक उत्तर जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्या कार्यात मिळते. १८३४ साली जन्मलेले राजपूरकर फ्री जनरल असेंब्लीच्या विद्यालयात, म्हणजे ज्याचे पुढे विल्सन महाविद्यालय झाले त्या संस्थेत, शिकले. नंतर ते डेव्हिड ससून यांच्या नावाच्या ज्यू शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले. त्यांच्या विद्येचे सारे श्रेय मिशनला देणे अनुचित ठरेल. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनीही या समाजात हिब्रू रुजविली होती. तथापि राजपूरकरांनी मराठीत काय आणले हे पाहिले, तर मिशनरी अध्यापनाला दिलेले एक अबोल उत्तर त्यात आढळते. त्यांनी नित्यप्रार्थनेची आणि सणांच्या विधींची पुस्तके मराठीत आणली. मिशनरी बायबलात स्तोत्रसंहिता नव्या कराराकडे नेणारी पायरी असते. प्रार्थनापुस्तकात तीच स्तोत्रे काळवेळेला बांधलेली असतात. ब्याण्णवावे स्तोत्र शब्बाथाचे आणि ११३ ते ११८ ही सणांची. शब्द तेच असूनही क्रम बदलला की अर्थ बदलतो. राजपूरकरांचा अनुवाद वादविवाद करीत नाही. स्तोत्र मूळ जागी नेऊन ठेवतो. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत इस्राएल मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढली. मिशनच्या शाळेचे ऋण आणि तिच्यातील धोका या दोहोंची जाणीव त्या कृतीमागे दिसते.

दुसरे उत्तर सुमारे शतकानंतरचे आहे. कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांचे वडील विल्सन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि इझिकेल स्वतः १९४७ साली तेथूनच एम. ए. झाले. रोमन कॅथलिक शाळेत एकट्या पडलेल्या ज्यू मुलाची अवहेलना आणि तेलघाण्यावर राबणारे पूर्वज, दोन्ही त्यांच्या ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या कवितेत आले आहेत. १९८२ साली आलेल्या आणि पुढील वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणाऱ्या ‘लॅटर-डे साम्स’ या संग्रहात त्यांनी बायबलातील स्तोत्रांनाच प्रत्युत्तरे लिहिली. पहिल्या स्तोत्रातील धन्यतेची कसोटीच ते बदलतात. दुर्जनांऐवजी रूढीचे दास त्यांना टाळण्याजोगे वाटतात. मिशनऱ्याला अपेक्षित असलेला निष्कर्ष त्यांनी स्वीकारला नाही. पण प्रार्थनागृहाचा निष्कर्षही जसाच्या तसा घेतला नाही.

येथे तुलना अपरिहार्य होते. राजपूरकरांचे स्तोत्र समाजाचे आहे, इझिकेल यांचे एकट्याचे. पहिल्याला ठरलेली वेळ आहे, म्हणणाऱ्यांचा समूह आहे आणि किनाऱ्यावरच्या घरांत बोलली जाणारी भाषा आहे. दुसऱ्याजवळ शंका घेण्याचे स्वातंत्र्य आहे, पण सोबत नाही, आणि भाषा महाविद्यालयाची, म्हणजे इंग्रजी आहे. विल्सन यांना बेने इस्राएलांची धर्मांतरे फार थोडी साधली, म्हणून त्यांचा परिणाम नगण्य मानणे चुकीचे होईल. विद्यालयाने या समाजाचा धर्म बदलला नाही. त्याच्या लेखकाची भाषा मात्र बदलली. इंदिरा संत यांच्या मराठी कवितांचे इंग्रजी अनुवाद १९७५ साली वृंदा नाबर यांच्यासह प्रसिद्ध करणारे इझिकेल मराठीला पारखे नव्हते. तरीही आपल्या देवाशी त्यांनी वाद घातला तो मराठीत नव्हे. राजपूरकरांनी मराठीत आणलेली स्तोत्रे कोणाची, या प्रश्नाला मराठी समीक्षेने अद्याप पुरते उत्तर दिलेले नाही. ती आपल्या वाङ्मयाचाही भाग आहेत, हे मान्य करणे ही त्या उत्तराची पहिली पायरी होय.