मेक्सिकोचे संग्रहालय : मांडणी आणि मूर्ती

मेक्सिको नगरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालय १९६४ साली खुले झाले. वास्तुविशारद पेद्रो रामिरेस वास्केस यांनी प्रशस्त अंगणाभोवती दालने योजिली आणि प्रवेशाच्या समोर, अंगणाच्या पैलटोकास, मेशिकांचे (ज्यांना आपण आझ्टेक म्हणतो त्यांचे) दालन ठेविले. मार्गदर्शकामागून चालणाऱ्यास तेओतिवाकान आणि तोल्तेक ही जणू या दालनाकडे नेणारी सोपाने वाटू लागतात. माया संस्कृती वस्तुतः मेशिकांहून कितीतरी प्राचीन. पण तिची पाळी नंतर येते, आणि तोवर पाय थकलेले असतात!

कवी ओक्टाव्हिओ पाझ यांनी १९७० साली याच मांडणीवर आक्षेप घेतला. १९६८ मध्ये त्लातेलोल्को येथील विद्यार्थिहत्येच्या निषेधार्थ दिल्लीतील राजदूतपद सोडणारे ते हेच पाझ. मेशिका साम्राज्याच्या गौरवातून आधुनिक केंद्रसत्तेचा गौरव साधला जातो, हे त्यांचे प्रतिपादन बव्हंशी मान्य होण्याजोगे आहे. तथापि मांडणी कितीही प्रभावी असली तरी मूर्ती तिला पुरत्या वश होत नाहीत.

कोआत्लिक्वेचेच पाहावे. अडीच मीटरांहून उंच, मस्तकस्थानी दोन सर्पमुखे, कटीस सर्पांचे वस्त्र. १७९० मध्ये नगरचौकाच्या खोदकामात ती सापडली. विद्यापीठाच्या आवारात नेली गेली आणि तेथेच पुन्हा पुरली गेली. १८०३ मध्ये हुम्बोल्टच्या विनंतीवरून तिला बाहेर काढिले, आणि त्याचे पाहणे आटोपताच ती परत मातीआड झाली. विद्येच्या मंदिरास जिचे दर्शन सोसवले नाही, तिला आज 'उत्कृष्ट शिल्प' म्हणून निःशंकपणे दाखविले जाते. परंतु तिच्या तळाशी, भूमीला टेकणाऱ्या बाजूवर, त्लाल्तेकुत्ली या भूदेवतेची आकृती कोरलेली आहे. मूर्ती उभी असताना ती कोणासही दिसणे शक्य नाही. शिल्पकाराने ती प्रेक्षकासाठी कोरलीच नव्हती, आणि 'कलाकृती' हा शब्द येथे अपुरा पडतो. मार्गदर्शनाची सारी भिस्त दिसणाऱ्यावर असते. म्हणून जाणत्या मार्गदर्शकाने या तळापाशी अंमळ थांबावे.

दाराबाहेरील १६८ टनांच्या प्रचंड पाषाणमूर्तीचीही कथा अशीच. त्लालोक म्हणून ओळखली जाणारी ही मूर्ती १९६४ च्या एप्रिलमध्ये कोआत्लिन्चान गावाहून आणली गेली. ग्रामस्थांनी विरोध केला, तेव्हा सैन्य आणावे लागले. गावाच्या चौकात आता तिची प्रतिकृती उभी आहे.