नियम जपावा की वस्तू? : विस्मृत खेळांच्या पुनरुज्जीवनाची दोन रूपे

प्रस्तावना

पट, सोंगट्या, पत्ते, फासे ही खेळाची साधने होत; परंतु साधने कपाटात सुरक्षित आहेत म्हणून खेळ जिवंत आहे असे म्हणता येत नाही. उलट, साधने नव्याने करता येतात, पण खेळावयाचे कसे हे सांगणारा कोणी उरला नाही तर खेळ संपतो. लोकसंस्कृतीच्या जतनाचा विचार करताना हा भेद बहुधा दुर्लक्षित राहतो. गेल्या दोन दशकांत अमेरिका व युरोपात छपाई बंद पडलेले भूमिकाखेळ नव्या रूपात आणण्याची एक चळवळ उभी राहिली. पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाजवळ, सावंतवाडीत, त्याआधीच गंजिफा या पत्त्यांच्या खेळाचे पुनरुज्जीवन झाले होते. या दोन प्रयत्नांनी नेमके काय वाचविले व काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भूमिकाखेळ आणि प्रतिखेळ

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध झाला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र स्वीकारतो. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो. पात्राने योजिलेली कृती साधली की फसली हे फाशांवरून ठरते. कोकणातील दशावतारी नाटकात कथा ठरलेली आणि संवाद मात्र रंगमंचावर आयत्या वेळी रचलेले असतात, हे मराठी वाचकास परिचित आहे. भूमिकाखेळात संवादांबरोबर कथेचा शेवटही आयत्या वेळी घडतो, आणि प्रेक्षक असा कोणी नसतोच.

या खेळाची प्रकाशक संस्था टीएसआर 1997 साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली. 2000 साली खेळाची तिसरी आवृत्ती आली. ती जुन्या आवृत्त्यांहून बरीच वेगळी होती. मात्र तिच्यासोबत कंपनीने एक खुला परवाना दिला व नियमांचा मोठा भाग इतरांना वापरण्यास मोकळा केला. या परवान्याचा आधार घेऊन काही जुन्या खेळाडूंनी बंद पडलेल्या आवृत्त्यांचे नियम नव्या शब्दांत लिहून काढले. 2006 मध्ये 'ओएसआरआयसी', 2007 मध्ये 'लॅबिरिंथ लॉर्ड' आणि 2008 मध्ये 'स्वॉर्ड्स अँड विझार्ड्री' हे असे ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांना 'रेट्रो-क्लोन' असे नाव पडले. मराठीत 'प्रतिखेळ' म्हणता येईल.

कायद्याची चौकट

प्रतिखेळ शक्य झाला तो कायद्यातील एका जुन्या तत्त्वामुळे. स्वामित्वहक्क अभिव्यक्तीवर असतो, कल्पनेवर अथवा पद्धतीवर नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1879 साली 'बेकर विरुद्ध सेल्डन' या हिशेबपद्धतीच्या खटल्यात हे तत्त्व मांडले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1978 साली 'आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स' या खटल्यात कल्पनेवर स्वामित्वहक्क नसल्याचे स्पष्ट केले. सारांश, नियमपुस्तिकेतील वाक्ये, चित्रे व विशिष्ट नावे मालकीची असतात. खेळण्याची रीत तशी नसते.

तथापि हे स्वातंत्र्य व्यवहारात किती नाजूक आहे, हे जानेवारी 2023 मध्ये दिसून आले. कंपनीने खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा घाट घातला. खेळाडू व लहान प्रकाशक यांच्या तीव्र विरोधानंतर तिने माघार घेतली आणि 27 जानेवारी 2023 रोजी पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे केले. ज्या परवान्यावर प्रतिखेळांची इमारत उभी होती, तोच डळमळू शकतो, हा त्यातील धडा होय.

प्रतिखेळांचे मूल्यमापन

प्रतिखेळकर्त्याचे काम संपादकाच्या कामासारखे असते. 1974 च्या पुस्तिका अपुऱ्या व संदिग्ध होत्या. लढाईसाठी 'चेनमेल' हा आधीचा युद्धखेळ वाचकाजवळ आहे असे त्यांत गृहीत धरले होते. अशा संहितेतून सलग नियम सिद्ध करावयाचे तर निवड अटळ ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा नाकारलेले पाठही तळटीपांत नोंदविले. त्यामुळे संपादकाचा निर्णय अभ्यासकास तपासता येतो. प्रतिखेळांत ही शिस्त अभावानेच आढळते. 'स्वॉर्ड्स अँड विझार्ड्री'ने मुळातील पाच प्रकारच्या बचाव-फाशांऐवजी एकच बचाव-संख्या स्वीकारली. खेळण्याच्या दृष्टीने हा बदल सुटसुटीत आहे. परंतु केवळ हा ग्रंथ वाचणाऱ्यास जुना खेळ समजला असे म्हणता येत नाही. येथे संपादक हळूच ग्रंथकार झालेला असतो.

अल्पपरिचित खेळांच्या बाबतीत ही अडचण अधिक ठळक होते. टीएसआरने 1985 साली कोनान या कथानायकावर आधारलेला खेळ काढला होता. डेव्हिड 'झेब' कुक यांनी रचलेल्या त्याच्या नियमांचे पुढे 'झेफर्स' या नावाने पुनर्लेखन झाले. नियम मोकळे असले तरी कोनान हे नाव मोकळे नव्हते. ते वगळावे लागले. ज्या नायकाच्या साहसी जगासाठी नियम घडविले, तो नायक गेला आणि नियम उरले. तरीही एका विस्मृत खेळाची रीत त्यामुळे पुन्हा टेबलावर येऊ शकली, हे श्रेय नाकारता येत नाही. वस्तू गेली, नावही गेले. डाव मात्र वाचला.

सावंतवाडीची गंजिफा

सावंतवाडीत याच्या नेमके उलट घडले. दशावतारी गंजिफांचे 120 गोल पत्ते असतात: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांची पाने. हुकमाचा रंग नसतो. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानांनंतर दश्शी वरचढ, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का वरचढ. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याची. कोणता रंग सुलटा, कोणता उलटा, कोणती पाने पडून गेली, हे सारे ध्यानात ठेवणे हाच या खेळाचा कस होय.

छापील पत्त्यांच्या प्रसारानंतर ही कला लोप पावण्याच्या बेतात असता संस्थानिक शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकात तिला आश्रय दिला. राजवाड्यात चितारी पुन्हा पत्ते रंगवू लागले. हे कार्य असामान्य आहे. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु मानांकन ज्याचे रक्षण करते ते स्थळ व कारागिरी यांचे. डाव त्याच्या कक्षेत येत नाही. परिणामी गंजिफा भेटवस्तू म्हणून विकली जाते, चौकटीत बसवून भिंतीवर लावली जाते. घराच्या ओसरीवर तिचा डाव मात्र परतला नाही. रंगाची चकाकी टिकली, उतारी विसरली गेली.

कारागिराच्या पोटापाण्याच्या दृष्टीने याला दोष देणे अन्यायाचे होईल. हाताने रंगविलेला संच महाग असतो. त्यावर रोज डाव मांडणे परवडणार नाही. प्रश्न असा की, डावासाठी रंगविलेलाच संच का हवा? साध्या पुठ्ठ्याचे 120 गोल तुकडेही त्यास पुरेसे आहेत. प्रतिखेळकर्त्यांना जे उमगले ते हेच.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, दोन्ही पुनरुज्जीवने अर्धी आहेत. प्रतिखेळ रीत वाचवितो, पण मूळ संहितेशी असलेले आपले अंतर नोंदवीत नाही. सावंतवाडीने वस्तू वाचविली, पण रीत वाऱ्यावर सोडली. यांपैकी दुसरी उणीव अधिक गंभीर मानावी लागेल. कारण जुन्या भूमिकाखेळांच्या छापील पुस्तिका संग्राहकांजवळ आहेत, आज ना उद्या ताडून पाहता येतील. गंजिफांच्या डावाचे बारकावे मात्र मुख्यतः खेळणाऱ्यांच्या स्मरणात राहिले, आणि ती पिढी सरत आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. कोकणातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी गंजिफा खेळलेल्या वृद्धांकडून डावाचे नियम, गावोगावचे पाठभेद व बोलण्यातील संज्ञा नोंदवून घ्याव्यात. पाठभेद तळटीपांत जपून एक मराठी नियमपुस्तिका सिद्ध करावी आणि ती कोणालाही छापता, बदलता येईल अशा खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करावी. प्रतिखेळांची मोकळीक आणि चिकित्सक आवृत्तीची शिस्त यांचा असा मेळ बसला, तर राजवाड्यात रंगविलेल्या पत्त्यांना पुन्हा खेळाडू मिळण्याची शक्यता आहे.