क्लिक मोजले, माणूस राहिला

वापरसुलभतेच्या संशोधकांकडे आज साधनांची कमतरता नाही. नजर कुठे थबकली, बोट कुठे दोनदा आपटलं, अर्ज कुठल्या रकान्यापाशी सोडून दिला, सगळ्याची नोंद होते. तरीही या कलेचं मर्म एका जुन्या रीतीत आहे. माणसाला खरं काम द्यायचं, ते करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि आपण शेजारी गप्प बसायचं. आयबीएममध्ये क्लेटन लुइस यांनी १९८२ साली ती मांडली. तिची जागा घेईल असं काही माझ्या मते अजून निघालेलं नाही.

या रीतीचं सर्वांत मोठं नुकसान एका आकड्याने केलं. पाच जणांवर चाचणी घेतली की सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली लिहिलं. त्यामागे एक गृहीत होतं: एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. साइट गुंतागुंतीची आणि वापरणारे नाना तऱ्हेचे असले, की हे प्रमाण घसरतं आणि हिशोब कोलमडतो. शिवाय नील्सन यांचा सल्ला पाच जण, मग दुरुस्ती, मग नवे पाच जण असा होता. कंपन्यांनी पाच उचलले, पुढचं सोडून दिलं.

डेन्मार्कचे रोल्फ मोलिक यांनी तर पाहणाऱ्यांचीच परीक्षा घेतली. नऊ पथकांनी स्वतंत्रपणे हॉटमेल तपासलं. मिळून ३१० अडचणी निघाल्या, आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांश एकेकाच पथकाला दिसल्या होत्या! कोणतं काम दिलं, कुणाला बसवलं, कुठे कान टवकारले, यावर निष्कर्ष ठरतो. या निकालाची या व्यवसायाने पुरेशी दखल घेतली नाही, असं मला वाटतं.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी. समोर बसलेल्या पाहुण्याच्या कामाला नावं ठेवणं आपल्याला जड जातं. चार वेळा अडखळलेला माणूसही ‘छान आहे’ म्हणून उठतो. मुंबईत काम करणाऱ्या अपला लाहिरी चव्हाण यांनी यावर ‘बॉलिवूड पद्धत’ काढली. विमानाचं तिकीट काढा, एवढंच न सांगता त्या गोष्ट रचत: भाचीचं लग्न तोंडावर आलंय, नवरदेव गुंड निघालाय, शिवाय आधीच विवाहित आहे, पुरावा तुमच्या हाती आहे, आता तातडीने पोहोचायचंय. प्रसंगात शिरलेला माणूस भीड विसरतो आणि बटण सापडलं नाही की सरळ चिडतो. परक्या पद्धतीची नुसती नक्कल न करता तिचं मूळ ओळखून केलेलं हे काम आहे.

दोन रचना हजारोंना दाखवून सरस निवडणारी ए/बी चाचणीही मोलाचीच. २०१२ साली बिंगवर जाहिरातींच्या शीर्षकात केलेल्या किरकोळ बदलाने उत्पन्न १२ टक्के वाढलं. कित्येक महिने ती कल्पना कुणी हातीही घेतली नव्हती. पण अशी चाचणी कंपनीने ठरवलेलीच गोष्ट मोजते. टोपलीत गुपचूप वस्तू घुसवणारी रचनाही विक्रीच्या आकड्यांत जिंकू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचनांना मनाई केली, त्यांत हीही आहे.

आकड्यांतून पूर्ण निसटतो तो मात्र दुसऱ्याकरवी वेबसाइट वापरणारा. बंगळुरूच्या झोपडवस्त्यांत नित्या संबसिवन आणि सहकाऱ्यांनी असा मध्यस्थांमार्फतचा वापर अभ्यासला. त्यांचा लेख २०१० चा. महाराष्ट्रात ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त हेच रोज घडतं. दाखला हवा असतो एकाला, अर्ज भरतो केंद्रचालक. त्याचा हात सराईत, म्हणून नोंदीत सगळं सुरळीत दिसतं. दाखला हवा असणाऱ्याला स्क्रीनवरचं किती कळलं, चुकलेलं नाव त्याला वेळीच दिसलं का, ‘अर्ज प्रलंबित’ वाचून त्याने काय ओळखलं, हे विचारायला तिथे त्याच्या शेजारीच बसावं लागेल.