प्रार्थनेतले ‘आम्ही’ कोण?

प्रार्थना हा वाङ्मयप्रकार आहे, असे आपले समीक्षक सहसा मानत नाहीत. अभंगाला, ओवीला, आरतीला त्यांनी साहित्याच्या इतिहासात जागा दिली. पण शेकडो माणसे एका आवाजात जे गद्य दर रविवारी म्हणतात, त्याची चिकित्सा त्यांनी धर्मपंडितांवर सोपवली आणि ते मोकळे झाले. मला ही वाटणी मान्य नाही. जे शब्द माणसाला लहानपणापासून पाठ असतात, ते त्याच्या जाणिवा घडवतात. आपले दुःख कोठून आले, ते कोणी दिले, त्यावर उपाय काय, याचा पहिला धडा पुष्कळांना प्रार्थनेतूनच मिळतो. म्हणून इतर कोणत्याही साहित्याप्रमाणे प्रार्थनेलाही विचारले पाहिजे: बोलणारा कोण आहे? तो कोणाच्या वतीने बोलतो? आणि दुःखाचे कारण तो काय सांगतो?

मी हे बाहेरून लिहीत नाही आणि पुरता आतूनही लिहीत नाही. माझे वडिलांचे घर बौद्ध आणि आजोळ नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. बुद्धवंदनेत कोणाकडे काही मागायचे नसते, हे मी घरी शिकलो. आणि मागणे म्हणजे काय असते, हे आजोळी ऐकले. चर्चला मराठी ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, जमलेली माणसे. या शब्दामुळेच माझा प्रश्न सुरू होतो. जगभरची मंडळी एक आहे, एक अवयव दुखला की सारे शरीर दुखते, अशी पौलाची शिकवण आहे. मग संकटाच्या काळात ही जागतिक मंडळी जेव्हा ‘आम्ही’ म्हणते, तेव्हा त्या ‘आम्ही’त कोण असते?

अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण २७ मार्च २०२० चे. करोनाच्या साथीत रोमच्या सेंट पीटर चौकात संध्याकाळी, पावसात, पोप फ्रान्सिस एकटे उभे राहिले. समोरचा अफाट चौक रिकामा होता. १५२२ च्या साथीत रोमच्या रस्त्यांतून ज्याची मिरवणूक निघाली होती, तो जुना क्रूस तेथे आणला होता. साऱ्या जगासाठी ती प्रार्थना होती. मार्कच्या शुभवर्तमानातली सरोवरातल्या वादळाची कथा त्यांनी निरूपणाला घेतली आणि आपण सारे एकाच नावेत आहोत, असा तिचा आशय मांडला.

या प्रार्थनेची टवाळी करणे सोपे आहे; ते मी करणार नाही. गरिबांचा आक्रोश आपण ऐकला नाही, युद्धे आणि अन्याय पाहून आपण जागे झालो नाही, अशी कबुली तिच्यात आहे. जगाला तगवून धरणाऱ्यांची नावे घेताना पोपनी डॉक्टर-परिचारिकांबरोबर सफाई करणारे आणि दुकानांतले नोकर यांचीही आठवण केली. धर्मपीठावरून झाडूवाल्याचा उल्लेख होणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही नावेची प्रतिमा मला पटत नाही. वादळ कोणी आणत नाही, ते येते. वादळाला गुन्हेगार नसतो. एकदा दुःखाला वादळ म्हटले की ते कोणी दिले, हा प्रश्नच उरत नाही. आणि नाव एकच असली तरी तिच्यात वर बसलेला असतो, तळाशी वल्ही मारणारा असतो आणि ज्याला नावेत घेतलेच नाही असाही असतो.

तो आठवडा आपण आठवावा. २४ मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत लागू झाली. रोममध्ये ती प्रार्थना चालू होती तेव्हा आपल्या देशातले मजूर बायकापोरांसह महामार्गांवरून चालत होते. मे महिन्याच्या ८ तारखेला पहाटे, तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला, जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर थकून रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली मेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. त्यांना विषाणूने मारले नाही. त्यांना वाहन, मजुरी आणि निवारा नाकारणाऱ्या व्यवस्थेने मारले. याला वादळ म्हणणारी भाषा कितीही करुण असली तरी ती अपुरी आहे.

आता ख्रिस्ती परंपरेतली मूळ प्रार्थना घेऊ. येशूने शिष्यांना जी शिकवली, तिच्यात मागण्या थोड्या आहेत. त्यांतली एक रोजच्या भाकरीची आणि दुसरी ऋणमुक्तीची. मत्तयच्या मूळ ग्रीक पाठात तेथे पापाचा शब्द नाही, देण्याचा म्हणजे कर्जाचा शब्द आहे, आणि मराठी भाषांतरात ‘ऋण’ हाच शब्द टिकला आहे. पाळक त्याचा अर्थ पाप असा सांगतात. माझी आजी निरक्षर होती. ती म्हणायची, “पाप कसलं रं? सावकाराचं देणं ते. त्ये कुनी सोडतंय का?” तिचा अर्थ धर्मपंडितांपेक्षा मूळ शब्दाच्या जवळ होता. जिच्या घरातली माणसे उचलीपायी सालगडी म्हणून राबली, तिला त्या ओळीत स्वतःचे जगणे ऐकू आले. ज्या क्षणी ऋणाचे पाप झाले, त्या क्षणी सावकार प्रार्थनेतून सुटला आणि कर्जदार गुन्हेगार ठरला.

हा केवळ शब्दाचा वाद नाही. अस्पृश्यांच्या धर्मांतराविषयी लिहिताना बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या शिकवणुकीवर नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आहे. अस्पृश्याचे अधःपतन अन्यायी समाजरचनेमुळे झाले, हे त्याला सांगण्याऐवजी ते त्याच्या पापामुळे झाले असे सांगितले गेले; परिणामी धर्मांतरिताच्या मनात परिस्थितीशी झगडण्याची प्रेरणा उभी राहिली नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय आहे. मिशनच्या शाळांनी आणि दवाखान्यांनी जे दिले ते नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. माझ्या आईला अक्षर तेथेच मिळाले. पण ज्या हाताने पाटी दिली, त्याच हाताने शोषितांकडून पापाची कबुली लिहून घेतली, हेही नोंदवले पाहिजे.

मग प्रार्थना म्हणजे अफूच, असे म्हणून थांबायचे का? मला तसे वाटत नाही, कारण याच्या उलट जाणारे एक उदाहरण मला ठाऊक आहे. ते दक्षिण आफ्रिकेतले आहे.

१६ जून १९७६ रोजी सोवेटोत आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध शाळकरी मुले रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. या घटनेच्या नवव्या स्मृतिदिनी, १६ जून १९८५ ला, तेथील चर्च परिषदेच्या वतीने देशभर प्रार्थनेची हाक दिली गेली. कशासाठी? अन्यायी राजवट संपावी यासाठी. राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळो, असे तिने मागितले नाही. जुलमी राज्यकर्ते सत्तेवरून दूर व्हावेत, असे तिने मागितले. सरकार चिडले यात नवल नाही. पण काही चर्चपुढारीही बिचकले आणि त्यांनी या हाकेपासून अंग काढून घेतले. शांततेसाठी, ऐक्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना अन्यायाच्या अंतासाठी प्रार्थना करणे जड गेले.

त्याच जुलैत तेथे आणीबाणी आली आणि सप्टेंबरात ‘कैरोस’ निवेदन निघाले. न्यायाशिवाय समेट मागणाऱ्या धर्मचिंतनाला त्याने ‘चर्चचे धर्मशास्त्र’ म्हटले आणि ते नाकारले. त्याआधी १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड आहे असा ठराव केला आणि दोन गोऱ्या आफ्रिकानेर चर्चांचे सदस्यत्व स्थगित केले. जागतिक मंडळीचे ‘आम्ही’ तेथे खरे ठरले, कारण त्या ‘आम्ही’त राहण्यासाठी जुलमाला सोडणे ही अट घातली गेली. वर्णभेद प्रार्थनेने संपला, असा दावा मी करत नाही. तो कामगारांच्या संपांनी, बहिष्काराने, तुरुंगात आणि रस्त्यावर मेलेल्या तरुणांनी संपवला. पण त्या प्रार्थनेने लढणाऱ्यांच्या वाटेत आडवे पडण्याचे काम केले नाही. प्रार्थनेकडून एवढी अपेक्षा करणे रास्त आहे.

भारतात जातीविषयी जागतिक मंडळीने असा ठराव कधी अमलात आणला? येथे तर जात मंडळीच्या आतच बसली आहे. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत मेलेल्यांनाही वेगळे ठेवणारी भिंत उभी राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये कॅथॉलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते, हे मान्य केले. ही कबुली उशिरा आली, पण आली. दुसरीकडे राज्यघटनेखालील १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींना धर्माची अट घातली. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी ती शिथिल झाली. ख्रिस्ती दलित मात्र मागणी करतच राहिला. मंडळीत तो दलित असतो आणि सरकारदरबारी तो ख्रिस्ती असतो. त्याची प्रार्थना कोणत्या ‘आम्ही’ने सुरू व्हावी?

या प्रश्नाचे एक उत्तर मराठी मातीतल्या अरविंद निर्मळ यांनी दिले होते. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी केलेल्या भाषणापासून दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाला तोंड फुटले. अनुवादाच्या पुस्तकात इस्राएली माणसाने देवापुढे उभे राहून आपल्या भटक्या पूर्वजाची, गुलामीची आणि आक्रोशाची आठवण सांगायची असते. निर्मळांनी तो नमुना घेतला: दलित ख्रिस्ती माणसाने आधी आपला पूर्वज कोण होता ते सांगावे, मग श्रद्धेविषयी बोलावे. म्हणजे प्रार्थनेत इतिहास आला पाहिजे. आपली आत्मकथने हेच करत आली आहेत. म्हणून दलित साहित्य आणि अशी प्रार्थना यांचे नाते मला परके वाटत नाही. दोन्ही ठिकाणी वेदना आपले मूळ सांगत उभी राहते आणि मग नकार देते.

संकटकाळातल्या कोणत्याही सामूहिक प्रार्थनेला माझी कसोटी ही आहे. ती दुःख देणाऱ्याचे नाव घेते का? ज्याच्यासाठी ती म्हटली जाते, त्याला ती स्वतः म्हणू देते का? आणि ‘आमेन’ म्हणून उठल्यावर ती म्हणणाऱ्याला कोणत्या बाजूला उभे करते? माझ्यासारख्या न मागणाऱ्या माणसालाही हे विचारण्याचा अधिकार आहे, कारण त्या प्रार्थनेत ज्यांच्या वतीने बोलले जाते ती माझी माणसे आहेत. जगभरची मंडळी आमच्यासाठी गुडघे टेकते, याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण आधी तिने आपल्या दफनभूमीतली भिंत पाडावी. मग तिच्या ‘आम्ही’वर आम्ही विश्वास ठेवू.