दादा, जात कंची घेऊ?

दिवाळीत कुंडलला चुलतभावंडांना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' शिकवायला बसलो. आपापलं पात्र तयार करताना धाकट्यानं विचारलं, "दादा, जात कंची घेऊ?" शेंगा फोडता फोडता आजी म्हणाली, "खेळात बी जात हाय व्हय?"

पुस्तकात तिथं आधी 'रेस' होतं. 2024 च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये ते 'स्पीशीज' झालं: एल्फ, ड्वार्फ, ऑर्क असे दहा पर्याय. 'प्रजाती' म्हणा, असं मी सुचवलं. कुणी ऐकलं नाही. खरं तर त्यांचाच शब्द बरोबर होता. 1981 च्या बेसिक सेटमध्ये माणसाला योद्धा, चोर, जादूगार, धर्मगुरू यांतलं काहीही होता यायचं. ड्वार्फचा मात्र पेशाच 'ड्वार्फ'. जन्म तोच धंदा! हा नियम मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढं ते सैल झालं. तरी 2014 च्या पुस्तकात हाफ-ऑर्क घेतला की ताकद आपोआप दोननं वाढायची. 2024 मध्ये ही वाढ प्रजातीपासून तोडली. छान केलं.

पण ते आकडे गेले कुठं? 'बॅकग्राउंड'मध्ये. म्हणजे साहसाला निघण्याआधी पात्र कुठल्या घरात, कुठल्या कामात वाढलं, त्यात. सरदार घराण्यातला 'नोबल' घेतलात तर ताकद, बुद्धी आणि प्रभाव वाढवता येतो. 'फार्मर' घेतलात तर ताकद, चिवटपणा आणि शहाणपण. शेतकऱ्याला शहाणपण आहे, बुद्धी नाही. हे कौतुक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मीही ऐकलंय: गावाकडची पोरं कष्टाळू असतात हं!

धाकट्याला जादूगार व्हायचं होतं, तेही शेतकऱ्याच्या घरातला. जादूगाराची सगळी भिस्त बुद्धीवर. नियम त्याला अडवत नाही, फक्त सरदाराच्या पोरापेक्षा मागून सुरुवात करायला लावतो. 'रेस' शब्द काढायला जेवढा विचार झाला, त्याच्या निम्मा जरी या यादीवर झाला असता तर बरं झालं असतं.

खेळ चालवणाऱ्याला नवं बॅकग्राउंड बनवायची मुभा असते, आणि खेळ मीच चालवत होतो. चिवटपणा खोडून बुद्धी लिहिली. प्रजाती त्यानं ऑर्क घेतली. चित्र भारी होतं म्हणे.